येते म्हणजे जाते

सावरखाडीच्या विमानतळावर जमिनीला कान आहेत. पाहुण्यांना हे वाक्य ऐकवलं की ते आधी हसतात आणि मग नकळत एक पाय उचलून खाली बघतात. मला तो क्षण फार आवडतो.

कान म्हणजे काचेची तार, केसाइतकी बारीक. टर्मिनलच्या दारापासून शेवटच्या गेटपर्यंत फरशीखाली ती नागमोडी अंथरली आहे. तिच्या एका टोकातून लेसरचे अगदी छोटे स्पंद सतत सोडले जातात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म असमानता राहतेच, आणि तिच्यावर आदळून थोडा प्रकाश मागे फिरतो. वर कोणी पाऊल टाकलं की तिथली काच किंचित ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं, आणि कसा बदलला यावरून ते कसं पडलं तेही कळतं. टाच आधी टेकली की चवडा, वजन डाव्या पायावर जास्त की उजव्या, पाऊल घाईचं की रेंगाळणारं. भूकंप मोजायला आणि तेलाच्या नळांची गळती शोधायला ही युक्ती कितीतरी वर्षं वापरात आहे. आम्ही तिच्यावरून माणसं चालवली. यंत्रणेचं नाव ठेवलं ‘पदरव’.

एवढा खटाटोप कशासाठी, तर न चढणाऱ्या माणसांसाठी. मोठ्या विमानतळावर रोज काही प्रवासी सामान देतात, सगळ्या तपासण्या पार करतात आणि विमानात चढतच नाहीत. कोणी दुकानात रमतं, कोणाचा बाकावर डोळा लागतो. आणि कोणी गेटपर्यंत जाऊन चक्क परत फिरतं. नोकरी नको, तो देश नको, तिथे वाट बघणारं माणूस नको. मालक चढला नाही तर त्याची बॅग विमानात ठेवता येत नाही, हा सुरक्षेचा नियम. आणि ती बॅग नेमकी विमानाच्या पोटात, कंटेनरच्या तळाशी असते. ती उकरून काढेपर्यंत हे विमान थांबतं, त्या जागेची वाट बघणारं दुसरं थांबतं आणि तिसरं समुद्रावर घिरट्या घालत इंधन जाळत बसतं.

पदरव हे आधी ओळखतं. परत फिरणाऱ्या माणसाचे पाय त्याच्या तोंडाच्या बरेच आधी बोलायला लागतात. पावलं आखूड होतात, माणूस थांबतो, अर्धा वळतो, पुन्हा निघतो. त्याला जोड म्हणून निरोपाचे शब्द. दारात माणूस काय म्हणून वळला, हेही यंत्र ऐकतं. पाय आणि शब्द मिळून शून्य ते शंभरमधला एक आकडा येतो: हा प्रवासी परत फिरण्याची शक्यता किती. आकडा मोठा असेल तर त्याची बॅग सगळ्यात शेवटी, कंटेनरच्या दाराशी ठेवायची. काढायची वेळ आली तर हात घालून काढता येते.

पदार्थविज्ञान शिकून मी थेट या चमूत आले. टर्मिनलच्या तळघरात बॅगांचे पट्टे वाहतात. वळतात, चढतात, एकमेकांच्या डोक्यावरून जातात, आणि एकेक बॅग आपापल्या देशाच्या फाट्यावर बरोबर ढकलली जाते. त्या सगळ्याच्या वर काचेची आमची खोली. पहिल्या दिवशी मी त्या काचेला नाक लावून उभी राहिले आणि जेवायचं विसरले.

“म्हणजे लोकांच्या रडण्यावर कान लावून बसणार तुम्ही?” आईने विचारलं. ती आणि बाबा कुडाळहून माझ्याकडे राहायला आले होते.

“साठवत नाही गं आम्ही आवाज. दोनच ठिकाणी ऐकतो. बाहेर गाड्या थांबतात तिथे, आणि गेटवरून विमानाकडे जायचं दार असतं ना, त्याच्या चौकटीत. यंत्र फक्त निरोपाचा शब्द उचलतं, बाकी सोडून देतं.”

“चौकटीत,” आई म्हणाली. “बरं.”

माझी आई, डॉ. शैलजा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, पण तिचा जीव दगडफुलात. गोड्या मसाल्यात घालतात तेच. बुरशी आणि शैवाल यांनी खडकावर मांडलेला संसार, असं ती वर्गात सांगायची. आमच्याकडे मसाला भाजायचा दिवस नेहमी लांबायचा, कारण दगडफुलाचा पुडा भिंगाखालून बाहेर येत नसे. अंटार्क्टिकाच्या उघड्या खडकांवर जे थोडंफार जगतं, त्यात हेच दगडफूल आहे. तिथे वर्षभर राहणाऱ्या तुकडीसाठी ती अर्ज करत आली होती, आणि दरवेळी नकार येत होता. या वर्षी, चौपन्नाव्या वर्षी, तिची निवड झाली.

ती मेल आली तेव्हा ती आमटी ढवळत होती. हातात डाव तसाच घेऊन ती चालायला लागली. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. मध्येच थांबायची, अर्धी वळायची, पुन्हा निघायची. बाबा म्हणाले, “शैला, एका जागी बस बघू. फरशी झिजेल.” ती बसली नाही. आमटी आटून करपली आणि आम्ही तिघांनी दहीभात खाल्ला.

त्याच आठवड्यात मला दिवस गेल्याचं कळलं.

मग फोन सुरू झाले. मावशी, आत्या, कॉलेजातल्या जुन्या बाई, सगळ्यांचं एकच. लेकीचं पहिलं बाळंतपण टाकून ही बाई बर्फावर चालली? पहिलं बाळंतपण माहेरी, आईच्या हातचं, याला आमच्यात पर्याय नसतो. आईने मला एकदाच विचारलं, “ऋजू, खरं सांग. थांबू का?”

“मुळीच नाही,” मी म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले. रात्री नवऱ्याशी फोनवर बोलताना मात्र रडू आलं. तो जहाजावर असतो, त्याला समुद्रातून काय सुचणार? “बाबा आहेत ना,” तो म्हणाला.

बाबा होतेच. त्यांनी बाळंतपणाचा ताबा घेतला होता. व्हिडिओ बघून त्यांनी अळिवाचे लाडू वळले. पहिल्या घाण्यातला एक लाडू हातातून पडला आणि फरशीचा टवका उडाला.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. नुसतं ‘जाते’ म्हणणं अशुभ. माझी आई मात्र आयुष्यभर ‘जाते’ म्हणत आली. बाबा दरवेळी दारात चिडतात.

“येते म्हणावं गं. काय जातं तुझं?”

“जातेय तर जाते म्हणते. येते म्हणायचं तर परतायची तारीख सांगता आली पाहिजे माणसाला. आहे माझ्याकडे तारीख?”

“बाजारात चाललीयस तू शैला!”

“बाजारातसुद्धा काय सांगावं, किती वेळ लागेल,” असं म्हणून ती पिशवी घेऊन निघायची. “जाते.”

*

पदरवच्या चाचणीची पहिली सकाळ उजाडली आणि तळघरातून फोन आला. बॅगांच्या पाळीची प्रमुख सलमा मुजावर, मूळची कोल्हापूरची, तिचा आवाज फोनशिवायही वर ऐकू येतो.

“ओ मॅडम, तुमच्या मशीनला जरा सांगा की. दाराशी ठेवायच्या म्हणून तीनशे बॅगा झाल्यात. मग आत काय भरू, हवा?”

मी पडद्याकडे बघितलं. दुबईच्या विमानातल्या जवळजवळ प्रत्येक प्रवाशासमोर लाल आकडा. पंच्याऐंशी. नव्वद. ब्याण्णव. यंत्राच्या मते अख्खं विमान घरी परतणार होतं.

आमचे प्रमुख तुस्कानो सर वसईचे. कसलाही गोंधळ झाला तरी ते खिशातली सुकेळी काढून चघळत बसतात. वाळवलेलं केळं चघळताना माणूस ओरडू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“लेसर तपासला?”

“तपासला सर. पाय नीट ऐकू येतायत.”

“मग तोंड तपास.”

तेवढ्यात सलमा स्वतःच वर आली. कमरेवर हात ठेवून तिने आम्हाला भरपूर सुनावलं. विमान उशिरा सुटलं तर तिच्या माणसांनी शिव्या का खायच्या, आणि हे असलं मशीन आणायला कुणी सांगितलं होतं. सगळं झाल्यावर ती दाराशी वळली. “चला, येते मॅडम. खाली राडा झालाय,” म्हणाली आणि तरातरा जिना उतरून गेली.

तुस्कानो सरांचं चघळणं थांबलं.

“ती आत्ता काय म्हणाली?”

“येते म्हणाली.”

“आणि?”

“आणि गेली,” मी म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मग जे हसत सुटलो ते थांबेचना. पदरव परदेशातल्या विमानतळांवर शिकून आलं होतं. मराठी त्याला शब्दकोशातून शिकवली होती, आणि शब्दकोशात ‘येणे’ म्हणजे येणे. बाहेर शेकडो माणसं गळ्यात पडून, पाया पडून, ‘येतो हं’, ‘येते गं’, ‘येतो काका’ म्हणत होती. यंत्र बिचारं प्रत्येकाची परत यायची तयारी करत होतं.

“एक ओळ लिहून टाक,” सर डोळे पुसत म्हणाले. “येतो म्हणजे जातो.”

मी नाही म्हटलं. एकेका शब्दाला असं हाताने वळवत बसलो तर उद्या ‘निघतो’ अडेल, परवा ‘भेटू’. त्यापेक्षा त्याला इथल्या माणसांकडूनच शिकू द्यावं. कोणी कुठला शब्द बोललं, आणि नंतर ते चढलं की घरी गेलं, अशा जोड्या त्याला द्यायच्या. शब्दाचं वजन त्याचं तोच ठरवेल. दोन महिने आम्ही काही न सांगता त्याला नुसतं ऐकू दिलं.

आणि ते शिकलं! अक्षरशः लाखो निरोप ऐकून त्याने ‘येतो’ हा शब्द उलटा करून ठेवला. ‘येतो’ म्हणजे हा माणूस नक्की जाणार. लाल आकडे विझले. जे उरले ते बहुतेक खरे निघाले. एक नवरा मुलगा गेटवरून पळाला, त्याची बॅग आधीच दाराशी होती; विमान वेळेवर सुटलं. सलमाने वर पेढे पाठवले.

आम्ही इतके खूश होतो की दुसरा टप्पा लगेच मंजूर झाला. आता आकडा नव्वदच्या वर गेला तर बॅग चढवायचीच नाही. शेवटच्या पुकाऱ्याआधी ती जागाही प्रतीक्षायादीतल्या प्रवाशाला देऊन टाकायची. अंदाज चुकलाच तर मूळ प्रवाशाला भरपाई आणि पुढचं विमान. प्रवाशाला यातलं काही कळवायचं नाही, कारण कळलं की त्याची चाल बदलते आणि अंदाज बिघडतो. यंत्राचा निर्णय फिरवायचा तर आमच्यापैकी कोणीतरी कारण लिहून खाली आपलं नाव घालायचं.

त्याच आठवड्यात आईचं केपटाऊनचं विमान होतं. तिथून दुसऱ्या दिवशी जहाज सुटणार होतं, आणि जहाज कोणासाठी थांबणार नव्हतं. केपटाऊनचं पुढचं विमान तीन दिवसांनी. हे चुकलं तर तुकडी तिच्याशिवाय बर्फावर जाणार, आणि पुढच्या वर्षी चौपन्नच्या पुढच्यांना घेणार की नाही ते कोणी सांगावं.

*

सकाळी मी आधी कामावर आले. चाचणीच्या आठवड्यात रजा मिळणं शक्य नव्हतं. निघताना आईने माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “याला सांग, आजी दगडफूल आणायला गेलीय.” मी म्हणाले, “तूच सांग आल्यावर.” मग मी कॅबमध्ये बसले.

नंतर बाबांनी तिला टर्मिनलच्या दारात सोडलं. पडद्यावर मला तिची रेघ दिसत होती. आईच्या पावलांची बारीक निळी रेघ, काउंटरपासून तपासणीपर्यंत सरळ, भराभर. मग गेट. मी खुशीत दुसऱ्या विमानांच्या कामाला लागले. केपटाऊनच्या यादीत एक ओळ लाल झाली तेव्हा मी आधी आकडा वाचला, मग नाव.

चौऱ्याण्णव. शैलजा.

पहिल्यांदा मला आनंद झाला. अंगभर, गरम, लहान मुलासारखा. आई परत येतेय. मी काहीही मागितलं नव्हतं, कोणाला अडवलं नव्हतं, आणि ती आपणहून येत होती. बाळंतपणात ती असेल. मला फक्त गप्प बसायचं होतं.

“ऋजुता,” तुस्कानो सर मागे येऊन उभे होते. “ही तुझी...”

“आई.”

“मग खुर्ची सोड. घरचं माणूस असलं की आपण बाजूला व्हायचं. मी बघतो.”

मी उठले. फोन वाजला.

“मॅडम, केपटाऊनची एक तांबडी बॅग घेऊन उभारलेय,” सलमा म्हणाली. “मशीन म्हणतंय ठेवा बाजूला. कंटेनर बंद करायचाय. आणि काय ओ, दगडं भरल्यात का हिच्यात?”

“लाडू आहेत,” मी म्हणाले. “बाबांनी केलेत.”

“अगं बाई. तुमच्या आईची होय? मग धरते जरा. पण लवकर सांगा.”

“सर, कारणं तरी उघडून बघू,” मी म्हणाले. “खुर्चीला हात लावत नाही. तुम्ही उघडा.”

सरांनी उघडलं. पदरव दोन कारणं दाखवतं, शब्द आणि पाय, प्रत्येकाचं वजन वेगळं. शब्दाच्या पुढे लिहिलेलं होतं: ‘जाते’.

मला हसू फुटलं. बाबांनी दारात पुन्हा आर्जवं केली असणार आणि तिने पुन्हा ऐकलं नसणार.

“सर, ‘जातो’ कोण म्हणतं आपल्या दारात? त्याला शिकवताना जे नमुने दिले ते काढा.”

नमुन्यांत आवाज नसतात, फक्त शब्द आणि माणूस पुढे कुठे गेलं ते. सरांनी रांग काढली. ‘जातो’ म्हणालेल्यांत एकही प्रवासी नव्हता. सगळे सोडायला आलेले. पार्किंगचे पैसे वाढतायत म्हणून ‘चल, जातो मी’ म्हणणारे ड्रायव्हर. भांडून ‘जाते मी घरी’ म्हणणारी कोणाची तरी मैत्रीण. प्रत्येक जण तो शब्द बोलला आणि खरोखरच घरी गेला. विमानात बसणाऱ्यांपैकी तो शब्द कोणी उच्चारतच नाही. आपल्याकडे तो तोंडातून निघत नाही. मग यंत्र काय शिकणार? ‘येते’ म्हणजे जाते, आणि ‘जाते’ म्हणजे घरी जाते.

“त्याची चूक नाही,” मी म्हणाले. “त्याला माझी आई कधी भेटलीच नव्हती.”

सर हसले, पण लगेच त्यांनी शब्दाचं वजन शून्य करून बघितलं. आकडा चौऱ्याण्णववरून अडुसष्टवर आला.

“हे बघ, अजून निम्म्याहून जास्त आहे. हे पायांचं आहे. आपण तिची जागा ठेवली, बॅग चढवली, आणि ती खरंच फिरली, तर कंटेनर उकरायला लागेल. पहिल्याच आठवड्यात, आपणच यंत्राचं न ऐकल्यामुळे. आणि तिकडे काउंटरवर प्रतीक्षायादीतला एक माणूस बॅग धरून उभा आहे, त्याचं काय?”

पडद्यावर गेटच्या जागेत आईच्या निळ्या रेघेचा गुंता झाला होता. खिडकीपासून पाण्याच्या नळापर्यंत, नळापासून खिडकीपर्यंत. थांबली. अर्धी वळली. पुन्हा निघाली. बाजूला यंत्राने एक शब्द लिहिला होता: दुविधा.

आणि दुविधा असू शकत होती. हे मला नाकारता येत नव्हतं. तिने मला विचारलं होतं, थांबू का. मी फार पटकन नाही म्हटलं होतं, आणि ते तिला कळलं नसेल असं होणं शक्य नाही. ती माझी आई आहे.

मी मोबाइल हातात घेतला. एक फोन, एवढंच. पण काय विचारणार? तू जातेयस ना? माझा आवाज ऐकला की तिच्या मनातलं पारडं हलणार, कुठल्या तरी एका बाजूला. थर्मामीटर घातला की पाण्याचं तापमान थोडं बदलतंच, हे मी शाळेत शिकले होते. इथे तर थर्मामीटर पोटुशी होती. मी मोबाइल उलटा ठेवला.

“सर, पावलं ऐकवाल?”

फरशीखालच्या थरथरीचा आवाज करता येतो. सरांनी तो लावला. ठक, ठक, ठक, ठक. थांबली. एक पाऊल अर्धं घासलं गेलं. मग पुन्हा ठक, ठक, आधीपेक्षा भराभर.

मी डोळे मिटले. स्वयंपाकघरातून गॅलरीत. गॅलरीतून स्वयंपाकघरात.

“सर, ही दुविधा नाही. ही खूश आहे.”

“काय?”

“आईला फार आनंद झाला की ती अशी चालते. थांबते, वळते, परत निघते. जमिनीला दोन्ही सारखंच ऐकू येणार. परत फिरणारे लाखो पाय आपण यंत्राला दिले, पण आनंदाने वेडे झालेले पाय दिलेच नाहीत कधी.”

“पुरावा?”

“एक आमटी.”

“अं?”

“निवड झाली त्या दिवशी आमटी करपली. दोन खोल्यांत फेऱ्या मारत होती, हातात डाव घेऊन. हेच पाय होते. नमुना एकच आहे, सर, पण मी तिथे होते.”

सरांनी माझ्याकडे नीट बघितलं. “एक सांग. हे तू मुलगी म्हणून बोलतेयस, का इंजिनिअर म्हणून?”

“मुलगी म्हणून मला ती परत यायला हवीय,” मी म्हणाले. “खूप हवीय. तिने थांबावं म्हणून मला काहीच करावं लागणार नाहीये, नुसतं गप्प बसलं की झालं. तरी सांगतेय ना तुम्हाला, ती जाणार आहे.”

मग सरांनी खुर्ची मागे सरकवली आणि कीबोर्ड माझ्याकडे ढकलला.

“लिही. तुझं नाव आधी. खाली माझं घाल.”

कारणाच्या चौकोनात मी लिहिलं: ‘ही प्रवासी जाते म्हणते तेव्हा जाते.’

“सलमा, चढव,” मी फोनवर म्हणाले.

“चढवली,” तिने सांगितलं. “दाराशीच ठेवलीय हां. तुमच्यावर भरवसा आहे, पण मशीनपण पेढ्याला जागलंय.”

यादीतल्या माणसाला त्या दिवशी जागा मिळाली नाही. त्याने काउंटरवरून सरांना फोन लावून जे ऐकवलं, त्यासाठी दोन सुकेळी लागली.

*

चढायला सुरुवात झाली. निळी रेघ खिडकीपासून सुटली आणि रांगेत आली. पुढे सरकली. पुढे. विमानाकडे जायच्या दाराशी आली.

आणि थांबली.

आकडा हलला. अडुसष्ट. त्र्याहत्तर. ऐंशी. तिच्या मागची पावलं तिला वळसा घालून आत जायला लागली. शहाऐंशी. ती जागची हलत नव्हती. अर्धं पाऊल मागे घासलं. एकोणनव्वद. तुस्कानो सरांचा हात माझ्या खांद्यावर आला, आणि मला कळलं की आता ती वळली तर मी पळत जिना चढून तिला गच्च मिठी मारणार आहे, नोकरी गेली तरी चालेल.

चौकटीतल्या कानाने एक शब्द उचलला. तो पडद्यावर आला.

‘येते’.

आकडा दगडासारखा खाली पडला. दोन. यंत्राने लाखो माणसांकडून शिकलेलं पुन्हा पाजळलं आणि तिच्या नावापुढे लिहिलं: नक्की जाणार. पावलं उंबरठा ओलांडून गेली, भराभर, ठक ठक ठक, गेट विमानाला जोडणाऱ्या पुलाच्या पहिल्या सांध्यापर्यंत. तिथे आमची तार संपते. रेघही संपली.

“बघ,” सर म्हणाले, “शेवटी ती पण येते म्हणाली. सगळ्यांसारखी.”

चौकट कुठे आहे हे तिला मी सांगितलं होतं. त्या चौकटीच्या पलीकडे कोण बसलंय हे तिला माहीत होतं.

पोटात एक जोरदार लाथ बसली. मी खुर्चीत नीट बसले आणि बाबांना फोन लावला. ते अजून बाहेरच होते, गाडीजवळ.

“चढली का गं?” त्यांनी लगेच विचारलं. “काय बाई आहे ही. दारात किती विनवलं मी. इतक्या लांब चाललीस, आज तरी येते म्हण. नाही म्हणाली. जाते म्हणाली आणि ट्रॉली घेऊन चालायला लागली.”

“बाबा, चढली. आणि येते म्हणाली.”

“कोणाला?”

“दाराच्या चौकटीला.”

त्यांच्या बाजूने गाड्यांचे हॉर्न येत होते, आणि कोणीतरी कोणाला तरी ओरडून सांगत होतं, येतो रे, येतो.

“म्हणजे,” बाबा म्हणाले, “परतायची तारीख ठरवून गेलीय.”